रविवारची प्रार्थना आणि राखीव सरपंचपद

जालना जिल्ह्यातल्या एका गावात थेट निवडून आलेल्या सरपंचबाईंचं पद जात पडताळणीत गेलं. पद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होतं. बाई मातंग समाजाच्या, सासर-माहेर दोन्हीकडून. त्यांच्या जातीबद्दल तक्रार करणाऱ्यालाही शंका नव्हती. शंका एवढीच होती, की त्या रविवारी कुठे जातात.

गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी स्वतः ख्रिस्ती घरातला, जालन्यात वाढलेला, आणि त्यांच्या जात पडताळणीच्या प्रस्तावाची कागदपत्रं गोळा करताना मदतीला होतो. त्यामुळे हे त्रयस्थाचं लिखाण नाही.

जालन्याला ख्रिस्ती धर्म नवा नाही. नारायण शेषाद्री या ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकात इथे काम उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यांना जमीन दिली आणि त्यावर जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसली. वस्तीत आलेली माणसं बहुतांश मांग आणि महार. मुस्लिम संस्थानाच्या राज्यात, ब्राह्मण धर्मगुरूच्या मागे, गावकुसाबाहेरची कुटुंबं उघडपणे ख्रिस्ती म्हणून राहायला लागली. तिथल्या माणसांना श्रद्धा लपवायचं कारण नव्हतं. ते कारण नंतर, प्रजासत्ताकात तयार झालं.

सरपंचबाईंचं घराणं बेथेलचं नाही. त्यांचं माहेर गोदाकाठचं, बीड जिल्ह्यातलं. आजोबा पोतराज होते. कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर, हातात कोरडा, डोक्यावर वाढलेली जट. मरीआईचा गाडा गावोगाव फिरवायचा, अंगावर फटके मारून घ्यायचे, मिळेल त्या जोंधळ्यावर घर चालवायचं. म्हातारपणी त्यांनी जट कापली आणि ते प्रार्थनेला बसू लागले. एक चुलता त्यांच्यामागे गेला, बाकीचे भाऊ गेले नाहीत. बाईंच्या वडिलांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर ‘हिंदू मांग’, बाईंच्याही. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

जात सिद्ध करायला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. मराठवाड्यात इथेच लोकांची दमछाक होते, कारण जुनं दप्तर उर्दूत, कुठे मोडीत, आणि अर्धं वाळवीने खाल्लेलं. पण 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसिलांतली दप्तरं उघडली गेली, स्कॅन झाली. त्या धांदलीत बाईंच्या पणजोबांची निजामकाळातली नोंद सापडली. उर्दूत नाव, पुढे जात: मांग. भाषांतर करून घेतलं, साक्षांकित केलं, फाइलला लावलं. जातीच्या बाजूने फाइल भक्कम होती. पडताळणीच्या कामात असलेला कुणीही ती पाहून म्हणाला असता, की ही अडत नाही.

तक्रार आली ती पडलेल्या पॅनेलकडून. तक्रारदारही मातंगच. त्याने तीन गोष्टी जोडल्या होत्या: नाताळच्या कार्यक्रमात पांढरी साडी नेसून गाणं म्हणणाऱ्या बाईंचा मोबाइलवर काढलेला फोटो, दर रविवारी त्या शेजारच्या गावी प्रार्थनेला जातात असं दोघांचं प्रतिज्ञापत्र, आणि दिराच्या लग्नाची पत्रिका.

पत्रिकेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अख्खं प्रकरण तिच्यात आहे. दर्शनी बाजूला छोटा सोनेरी क्रूस, खाली ‘प्रभू येशू ख्रिस्ताच्या कृपेने’. मग वर-वधूंची नावं, हळदीची वेळ, लग्नाची वेळ. तक्रारदाराने याच बाजूची झेरॉक्स लावली. मागच्या बाजूला, आशीर्वादकांच्या यादीत आधी एका रेव्हरंडांचं नाव, त्याखाली आत्या-मामांची नावं, आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत ‘निमंत्रक: समस्त मातंग समाज’. आम्ही उत्तरात दुसऱ्या बाजूची झेरॉक्स लावली. छापताना घरातल्या कुणालाच या दोन बाजूंत विसंगती दिसली नव्हती. लग्नात प्रार्थना झाली आणि हलगीही वाजली. हलगी वाजवणारे घरचेच होते.

जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी आलं. पंचनाम्यात लिहिलं आहे, की बाहेरच्या खोलीत देव्हारा आढळून आला नाही. भिंतीवर येशू ख्रिस्ताचं चित्र असलेलं कॅलेंडर, अण्णा भाऊ साठे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरी आढळून आल्या. फळीवर कापडात गुंडाळलेला एक ग्रंथ आढळून आला. कुलदैवत विचारलं तेव्हा सासूबाईंनी तुळजाभवानी सांगितलं, आणि वर न विचारता म्हणाल्या, “आता जात नाही आम्ही तुळजापूरला.” मयताचं काय करता, असंही विचारलं. पुरतो, असं उत्तर आलं. अधिकाऱ्याने ते ठळक करून लिहिलं. मराठवाड्यातल्या कितीतरी मातंग वस्त्यांत मयत पुरण्याचीच रीत आहे, ख्रिस्ती असो नसो. हे त्या अधिकाऱ्याला माहीत नव्हतं किंवा महत्त्वाचं वाटलं नाही.

इथपर्यंत आमचे वकील निर्धास्त होते. त्यांच्या हातात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा ऑक्टोबर 2023 चा निकाल होता. एका सतरा वर्षांच्या अर्जदाराचा महार जातीचा दावा अमरावतीच्या समितीने फेटाळला होता, कारण पथकाला घरात येशूचा फोटो दिसला. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. घरात फोटो आहे म्हणून माणसाने धर्मांतर केलं असं होत नाही, बाप्तिस्म्याचा काहीतरी पुरावा हवा, असं त्या निकालाचं सार. आमच्याकडेही बाप्तिस्म्याची नोंद नव्हती. प्रार्थना चालते ती एका स्वतंत्र मंडळीत, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे रजिस्टरच नाही. बाईंनी दुधना नदीत बाप्तिस्मा घेतला होता, हे त्या मंडळीला माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं.

वकिलांचा सल्ला साधा होता. कॅलेंडर कुणीतरी दिलं, टांगलं. नाताळाला सगळेच जातात. पत्रिका दिराची. आणि थेट विचारलंच, तर ‘आम्ही सगळे देव मानतो’ म्हणायचं. वस्तीतल्या जाणत्यांनीही हेच सांगितलं, आणि मीही. बाईंनी मान डोलावली.

सुनावणीला प्रश्न आला, “तुम्ही ख्रिश्चन आहात का?” बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “साहेब, मी मांगाचीच हाय. अन् येशूला मानते. बाप्तिस्मा घेतलाय. दोन्ही खरंय.”

समितीने जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली. दावा अवैध ठरला. पद रिक्त झालं.

समितीवर माझा राग नाही. निर्णय कायद्याला धरून होता. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 चा तिसरा परिच्छेद सांगतो, की ठरावीक धर्मांबाहेरचा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. सुरुवातीला तो ठरावीक धर्म म्हणजे हिंदू. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर. माणसाने धर्म जाहीरपणे स्वीकारला असेल, तर त्याचे पूर्वीचे कागद कामाला येत नाहीत.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये, कारण त्याच्या घरात किंवा शेजारात हा अनुभव आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यांना केंद्राच्या कायद्याने पुढची चौतीस वर्षं अनुसूचित जातीबाहेर ठेवलं. डॉ. डी. पी. मेश्राम असोत की गल्लीतला कारकून, ‘मी बौद्ध’ असं जाहीर म्हणणारा अडकत होता. मेश्राम यांची राखीव जागेवरची आमदारकी याच कारणाने सर्वोच्च न्यायालयात गेली होती. म्हणून कितीतरी बौद्ध घरांनी दाखल्यावर ‘हिंदू महार’ ठेवलं आणि भिंतीवर बुद्ध ठेवला. त्यांना कुणी खोटारडं म्हटलं तर आपल्याला राग येतो. यावा. ख्रिस्ती मातंगाच्या बाबतीत तोच राग का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आणखी मागे जावं तर 1954 सालचा एक खटला आहे. भंडाऱ्याच्या राखीव जागेसाठी अर्ज भरलेले गंगाराम ठवरे हे महार, पण महानुभाव पंथात गेलेले. पंथात गेल्याने जात गेली का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: जुना समाज त्याला आपला मानतो का, त्याचा स्वतःचा इरादा काय, आणि नव्या पंथाचे नियम काय. ठवरे महारच राहिले असं न्यायालयाने ठरवलं. आमच्या सरपंचबाईंना याच तीन कसोट्या लावून पाहा. समाज पत्रिकेवर निमंत्रक आहे. त्यांचा इरादा त्यांनी तोंडाने सांगितला, दोन्ही खरं म्हणून. मंडळीचा जात सोडण्याचा काही नियम नाही, हलगी तिथेही वाजते. पण महानुभाव हिंदू धर्माच्या आत धरला गेला आणि येशू बाहेर, म्हणून कसोट्यांपर्यंत जायची वेळच येत नाही.

दुसरी बाजू अशी मांडतात, की ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीचं संरक्षण कशाला? 1985 साली मद्रासच्या सूसाई नावाच्या रस्त्यावर बसणाऱ्या चांभाराचा खटला झाला. अनुसूचित जातीच्या चांभारांना सरकार टपऱ्या देत होतं. हा ख्रिस्ती म्हणून त्याला मिळाली नाही. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही जात राहिली एवढं दाखवणं पुरेसं नाही, नव्या धर्मातही तितकीच जाचक बंधनं आहेत हे दाखवा. नंतर रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली तिसरा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. आणि 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात मान्य केलं, की चर्चच्या आतही अस्पृश्यता आहे. धर्मगुरूंनीच कबूल केल्यावर आणखी कुणाचा जबाब हवा?

पण मला चर्चपेक्षा गावाचं बोलायचं आहे. जात चर्च ठरवत नाही, गाव ठरवतं. या गावात वस्तीला आजही मांगवाडाच म्हणतात. बाई सरपंच झाल्यावर पहिल्या ग्रामसभेत एका थोराने खुर्चीकडे पाहून विचारलं होतं, की आता मांगवाड्यातून हुकूम यायचे का. त्याने बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. बाई ख्रिस्ती आहेत हे ठाऊक असूनही त्याच्या लेखी त्या मांगच होत्या. उद्या याच माणसाने याच बाईंना जातीवरून शिवी दिली, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होईल का, यावर शंका आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला एका पाद्रीच्या तक्रारीत असंच सांगितलं, की धर्मांतरानंतर तो अनुसूचित जातीचा राहिला नाही, म्हणून तो कायदा लागू नाही. शिवी देणाऱ्याला धर्मांतर दिसत नाही आणि न्यायालयाला जात दिसत नाही.

तक्रारदाराशी मी नंतर बोललो. बोलणं कडवट झालं नाही. त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. “भाऊ, आमच्या वाट्याला आधीच काय येतं? तेरा टक्क्यांत आम्ही किती? त्यात तुमच्याकडं अल्पसंख्याकाचं वेगळं, मिशनच्या शाळा वेगळ्या. दोन्हीकडून कसं चालंल?” मातंग समाजाची उपवर्गीकरणाची, म्हणजे अनुसूचित जातींच्या आरक्षणाची आत वाटणी करण्याची मागणी जुनी आहे. 1 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तसं वर्गीकरण करायची मोकळीक दिल्यापासून ती जास्त तीव्र झाली आहे. ज्याच्या ताटात आधीच थोडं वाढलं आहे, तो आणखी एकाला पंगतीला बसवायला का कू करेल हे मला कळतं. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या सेल्वराणी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास तक्रारदाराच्याच बाजूचं म्हटलं: श्रद्धा ख्रिस्ती ठेवून केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे.

तो निकाल मला खुपतो, पण त्यातलं एक मान्य आहे. नोकरीसाठी श्रद्धा नाकारणं चांगलं नाही. मग आमच्या बाईंनी तर नाकारली नाही. तिचं काय झालं? तिला घरी बसवलं. फसवणूक नको म्हणणारा कायदा खरं बोलणाऱ्यालाच बाहेर काढत असेल, तर तो फसवणूक थांबवत नाही, तिची सवय लावतो. आणि ही सवय मराठवाड्यातल्या आमच्या मंडळ्यांना लागली आहे. कागदावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. या आकड्यात पत्र्याच्या शेडमधले आमचे लोक नाहीत.

याचा दोष एकट्या कायद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. काही पाळक बाप्तिस्मा देतात आणि विनंतीवरून रजिस्टरला नोंद करत नाहीत. जुन्या चर्चमधले पंच हे जाणतात आणि गप्प राहतात, कारण अशा घरांच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि नोकरी त्या गप्पपणावर उभी असते. दर 10 ऑगस्टला, 1950 च्या त्या आदेशाच्या तारखेला, काही ठिकाणी काळा दिवस पाळतात, निवेदन देतात, फोटो काढतात. पण या बाईंच्या सुनावणीला एकाही चर्चचा माणूस समितीच्या दारात उभा नव्हता. मंडळीच्या पाळकांनी फोनवर प्रार्थना केली. आपण एका माणसाकडून साक्ष अपेक्षितो आणि तिने दिली की तिला एकटं सोडतो, ही माझ्या समाजाची लाजिरवाणी गोष्ट आहे.

हे सगळं आठवायचं आणखी एक कारण आहे. संविधान सभेत ख्रिस्ती सभासदांनी धर्मावर आधारित राखीव जागा आपण होऊन सोडल्या. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः बंगाली ख्रिस्ती होते, आणि मे 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव त्यांनीच मांडला. ख्रिस्ती म्हणून वेगळं काही नको, नागरिक म्हणून बरोबरीने राहू, हा त्यामागचा विश्वास होता. दलित ख्रिस्ती आज मागतो तेही ख्रिस्ती म्हणून नाही. जातीचा जो भार गावाने त्याच्यावर ठेवला आहे, त्याची नोंद धर्माकडे न बघता व्हावी, एवढंच. मुखर्जींनी सोडलेली गोष्ट कुणी परत मागत नाही.

गावात पुढे काय झालं ते थोडक्यात. पद रिक्त असताना उपसरपंचाकडे कारभार होता. उपसरपंच गावातल्या मोठ्या जातीचा, आणि दोन्ही पॅनेलमागे त्याच्याच घरची माणसं. पाणीपुरवठ्याच्या कामाची बिलं त्याच काळात निघाली. पोटनिवडणुकीत तक्रारदाराच्या घरची बाई पुन्हा पडली. निवडून आली ती वस्तीतलीच दुसरी. ती आमच्या बाईंच्या शेजारीच प्रार्थनेला बसायची. अर्ज भरायच्या आधीच तिचं येणं थांबलं, घरात देव्हारा आला, वैधताही आली. गावाला सगळं माहीत आहे. तक्रारदाराला विचारलं, तर तो म्हणाला, तिने नाही म्हटलं ना, मग संपलं.

उच्च न्यायालयात जायचा मार्ग होता. समितीच्या निर्णयाला तिथेच आव्हान देता येतं. बाईंनी नाही म्हटलं, आणि कारण स्पष्ट होतं. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. तिचा दाखला वडिलांकडून, त्या बाजूची वैधता आहे. फाइल वाढली तर पथक परत येईल, या वेळी नवऱ्याच्या कागदांसाठी. “माझं मी बोलले. लेकराच्या नावानं मी काय बोलू?” असं त्या म्हणाल्या. मुलगी प्रार्थनेला येते का, हे मी विचारलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने नेमलेला आयोग धर्मांतरित दलितांचा हाच प्रश्न तपासण्यासाठी आहे. त्याची मुदत वाढत गेली. आयोगासमोर आकडे जातील, अभ्यास जातील. माझी एवढीच इच्छा आहे, की अशा सुनावण्यांचे जबाबही जावेत: माणसाला काय विचारलं गेलं, त्याने काय उत्तर दिलं, आणि उत्तरानंतर काय गमावलं.

त्याआधी जनगणना येते आहे. 2027 च्या गणनेत धर्माबरोबर सगळ्यांची जातही विचारली जाणार आहे. मंडळीत त्यावर बैठक झाली, दोन तास चालली. बहुतेकांनी ठरवलं नाही. काहींनी सांगितलं, की मुलांच्या दाखल्यावर जे आहे तेच सांगू. पाळकांनी या वेळी फोनवर नव्हे, समोर बसून सगळं ऐकलं आणि कुणालाही बळजबरी करणार नाही असं म्हटलं. ते बरोबर होतं. माजी सरपंचबाई मागच्या ओळीत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की प्रगणक आल्यावर त्या दोन्ही रकाने भरून घेणार आहेत, धर्मात ख्रिश्चन आणि जातीत मांग, आणि लिहिलेलं वाचून दाखव म्हणणार आहेत.